आपट्याला शहाण्णव मार्क

शनिवार सकाळ. दुसरा चहा झालाय, गॅलरीत ऊन आलंय आणि मी अजून गुरुवारच्या कोड रिव्ह्यूवरून धुसफुसतोय. बायको म्हणाली, "अरे, लिहून टाक बाबा एकदाचं, म्हणजे मला ऐकावं लागणार नाही." तर मंडळी, आजचा लेख तिच्या सुटकेसाठी :)

झालं असं. आमच्या टीममध्ये एक नवा मुलगा आहे. हुशार आहे, कष्टाळू आहे. त्याला एक रिपोर्ट दिला होता: प्रत्येक ग्राहकाची शेवटची ऑर्डर आणि तिची सध्याची स्थिती. ग्राहकांचं एक टेबल, ऑर्डरींचं दुसरं, स्थितीच्या नोंदींचं तिसरं. तीन टेबलं जोडायची आणि प्रत्येक ग्राहकाची एकच ओळ काढायची. ऐकायला किती सोपं! त्याने ग्रुप बाय लावला, मायएसक्यूएलने १०५५ नंबरची एरर तोंडावर फेकली, आणि हा पठ्ठ्या माझ्याकडे हसत हसत आला.

"सर, सापडलं. एक सेटिंग आहे, ते बंद केलं की चालतं." (मला सर म्हणू नकोस असं तीनदा सांगून झालंय.)

"चालतं म्हणजे काय होतं?"

"म्हणजे एरर येत नाही."

"आणि उत्तर बरोबर येतं?"

यावर तो गप्प. मग माझाही आवाज चढला, आणि अख्ख्या टीमने मान वर करून पाहिलं. त्याच्यावर मी उगाच भडकलो, हे मला तेव्हाही कळत होतं. कारण तेच सेटिंग चार वर्षांपूर्वी मी स्वतः बंद केलं होतं. त्याचं पुढे काय झालं ते आज सांगतोच. पण आधी थोडं शाळेत जाऊ.

समजा, एका शाळेच्या सगळ्या मुलांचं एक टेबल आहे. वर्ग, नाव, गुण. मुख्याध्यापक विचारतात, प्रत्येक वर्गात पहिला कोण आला? तुम्ही झटकन लिहिता (क्वेरी देवनागरीत आहे, मशीनला देऊ नका, माणसांनी वाचायची आहे):

सिलेक्ट वर्ग, मॅक्स(गुण), नाव
फ्रॉम मुलं
ग्रुप बाय वर्ग

वर्गाचा गट केला. गटातले जास्तीत जास्त गुण काढले. ठीक. पण नाव? चाळीस मुलांची चाळीस नावं आहेत, त्यातलं कुठलं द्यायचं? तुम्हाला वाटतं, अर्थात ज्याला सर्वाधिक गुण आहेत त्याचं. पण हे तुम्ही कुठेच लिहिलेलं नाही! मॅक्स हे फक्त एका कॉलमचं गणित आहे. ते एक आकडा काढून देतं, तो आकडा कुठल्या ओळीतून आला ते लक्षात ठेवत नाही. आणि नीट विचार केला तर ते ठेवूही शकत नाही. उद्या तुम्ही मॅक्स(गुण) आणि मिन(गुण) दोन्ही एकाच क्वेरीत मागितलेत, तर नाव कुणाचं, पहिल्याचं की शेवटच्याचं? ॲव्हरेज मागितलंत तर? सरासरी गुणांचा तर कुणी मुलगाच नसेल.

मग मोकळं सोडलेलं मायएसक्यूएल काय करतं? गटातलं हाताला लागेल ते नाव देतं. बहुतेक वेळा हाताला लागतं हजेरीपटावरचं पहिलं नाव. म्हणजे ९६ गुण कुलकर्णीचे आणि नाव आपटेचं. बिचारा आपटे गणितात गटांगळ्या खातोय आणि सत्कार समारंभात त्याला हार घातला जातोय. या चुकीला मी तेव्हापासून "आपट्याला शहाण्णव मार्क" म्हणतो.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे "आपटे, ९६" अशी ओळ टेबलात कुठेही नाही. कुणी ती भरलेली नाही. डेटाबेसने दोन खऱ्या गोष्टी चिकटवून एक खोटी गोष्ट तयार केली, आणि ती अगदी खऱ्यासारखी दिसते.

आता माझी गोष्ट.

२०२२ साल. मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. आमचा एक क्लायंट छोटी कर्जं द्यायचा: शिलाई मशीन, म्हैस, किराणा दुकान, असली कर्जं. शाखा तालुक्याच्या गावांत. शाखेतला माणूस कर्जदाराच्या घरी जाऊन यायचा आणि प्रत्येक भेटीनंतर स्थिती लिहायचा: थकीत, अंशतः भरले, फिटले. यावरून दर आठवड्याला एक यादी निघायची: प्रत्येक खात्याची शेवटची भेट आणि स्थिती. ज्यांची स्थिती थकीत, त्यांना नोटीस.

डेटाबेस मायएसक्यूएल ५.६ होता. त्याचा सपोर्ट फेब्रुवारी २०२१ मध्येच संपलेला, त्यामुळे सगळं ८.० वर न्यायचं ठरलं, आणि ते काम आलं माझ्या गळ्यात. नेल्या दिवशी तीसेक रिपोर्ट धडाधड पडले. सगळीकडे १०५५. म्हणजे "हा कॉलम ग्रुप बायमध्ये नाही, कुठल्याही ॲग्रिगेटमध्ये नाही, तर मी कुठली किंमत देऊ?" असा डेटाबेसचा सरळ प्रश्न. मायएसक्यूएलने हा कडकपणा २०१५ च्या ५.७ पासून मुळातच चालू ठेवला आहे. त्याआधी तो ऐच्छिक होता, म्हणजे कुणीच चालू करत नसे.

रिलीज दोन दिवसांवर. टीएल म्हणाला, "अरे, तीस क्वेऱ्या कोण बदलणार? ते ओन्ली फुल ग्रुप बाय काढून टाक एसक्यूएल मोडमधून." मी काढलं. एका ओळीचा बदल. सगळे रिपोर्ट चालू. मला शाबासकी मिळाली, टीमला पिझ्झा मिळाला. फायर अलार्म वाजत होता म्हणून आम्ही त्याची बॅटरी काढली आणि शांतता पसरली म्हणून पार्टी केली.

आता त्या नोटिसांच्या यादीची जुनी क्वेरी कशी होती बघा. २०१३ च्या आसपास कुणीतरी लिहिलेली, तो माणूस केव्हाच सोडून गेलेला:

सिलेक्ट खाते_क्र, मॅक्स(भेट_तारीख), स्थिती
फ्रॉम (सिलेक्ट * फ्रॉम भेटी ऑर्डर बाय भेट_तारीख डिसेंडिंग) भ
ग्रुप बाय खाते_क्र

युक्ती कळली? आत आधीच तारखेने उलटं लावून ठेवायचं, म्हणजे गटातली "हाताला लागणारी पहिली" ओळ नेमकी शेवटच्या भेटीची निघते. ५.६ मध्ये ते तसं निघायचंही, कारण आतली क्वेरी आधी वेगळी चालवून तिचा निकाल त्याच क्रमाने बाहेर वापरला जायचा. पण हे कुठलंही वचन नव्हतं. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे की अशा कॉलमची कुठलीही किंमत निवडायला सर्व्हर मोकळा आहे, आणि ऑर्डर बाय लावून त्या निवडीवर परिणाम होत नाही. ५.७ पासून ऑप्टिमायझर आतली क्वेरी बाहेरच्यात मिसळून टाकतो, आणि बाहेर ग्रुप बाय असेल तर आतला ऑर्डर बाय चक्क फेकून देतो. त्याच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. टेबल म्हणजे ओळींचा संच, आणि संचाला क्रम नसतो.

म्हणजे दोन अपघात एकत्र झाले. युक्तीची हवा गेली, आणि ती गेली आहे असं ओरडून सांगणारी एरर मी बंद करून ठेवली.

खाते क्रमांक ४१७ घ्या (नंबर बदललाय). भेटी तीन. ५ जानेवारी: थकीत. ९ फेब्रुवारी: अंशतः भरले. १२ मार्च: फिटले. आमच्या यादीत आलं: ४१७, १२ मार्च, थकीत. तारीख शेवटच्या ओळीची, स्थिती पहिल्या ओळीची. आपट्याला शहाण्णव मार्क.

"टेस्टिंग नाही केलं?" असं विचारणाऱ्यांसाठी: केलं. टेस्ट डेटात प्रत्येक खात्याला एकच भेट होती. गटात ओळच एक असेल तर कुठलीही निवडा, बरोबरच येणार! शिवाय ओळींची संख्या जुन्या रिपोर्टशी जुळली, तारखा जुळल्या. तारीख ताजी दिसली की माणूस बाकीच्या कॉलमवर डोळे झाकून विश्वास ठेवतो.

त्या आठवड्यात मी नव्या व्हर्जनच्या सपोर्टसाठी सातारा जिल्ह्यातल्या एका शाखेत बसलो होतो. दुपारी एक बाई आल्या. पन्नाशीच्या असतील. कोपऱ्यातल्या कंप्युटरसमोरचा मी त्यांना कामाचा माणूस वाटलो असणार, कारण मॅनेजरला सोडून त्या थेट माझ्याकडे आल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतून सगळ्या पावत्या काढल्या, टेबलावर ओळीने मांडल्या आणि वर ती नोटीस ठेवली.

"बाळा, हे तुझ्या कंप्युटरला दाखव."

मी खातं उघडलं. बाकी शून्य. हप्त्यांचं टेबल वेगळं, त्यामुळे तिथे सगळं चोख होतं. म्हटलं, "मावशी, तुमचं सगळं फिटलंय. काही बाकी नाही."

"ते मलाबी म्हाईत हाय. मग ह्या कागदावर कुणी लिवलं?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाखेतल्या माणसाने "फिटले" असंच लिहिलं होतं. "१२ मार्च, थकीत" असं कुणीच लिहिलं नव्हतं. नोटीस घेऊन शिपाई आला तेव्हा त्यांच्या अंगणात गटातल्या बायका बसल्या होत्या. गटकर्जात एकीचं थकलं की सगळ्यांवर येतं, त्यामुळे पुढचे चार दिवस त्यांच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. अशा वीसेक नोटिसा निघाल्या होत्या. मॅनेजरने माफी मागितली, चहा मागवला. मी मान खाली घालून बसलो. त्या रात्री लॉजवर बसून ती एक क्वेरी दुरुस्त केली, आणि परत आल्यावर पुढचे तीन आठवडे उरलेल्या क्वेऱ्या.

आता भांडण सुरू करतो. गेल्या चार वर्षांत मी या विषयावर हापिसात बोललो की ठरलेली उत्तरं मिळतात. एकेकाचा समाचार घेऊ.

उत्तर पहिलं: "चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?"

चालतंय म्हणजे एरर येत नाही. एरर न येणं आणि उत्तर बरोबर असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रोग्रॅम कोसळला तर अर्ध्या तासात फोन येतो. खोटी ओळ गुपचूप छापली जाते, कुणाच्या तरी दारात जाते, आणि तो माणूस पावत्या घेऊन शाखेत येईपर्यंत तुम्हाला पत्ता लागत नाही. जो येत नाही, त्याचं तर कधीच कळत नाही.

उत्तर दुसरं: "ओळी जास्त येतायत? डिस्टिंक्ट लाव."

हे उत्तर देणाऱ्याला माझ्या हाती सत्ता आली तर एक महिना कीबोर्डला हात लावू देणार नाही. खात्याला १२ हप्ते आणि ३ भेटी आहेत. दोन्ही टेबलं खात्याला एकदम जोडलीत तर प्रत्येक हप्त्यासमोर प्रत्येक भेट येते: १२ गुणिले ३, छत्तीस ओळी. हप्ता २,००० रुपयांचा. भरलेली रक्कम २४,०००. तुमची बेरीज म्हणते ७२,०००. मग कुणीतरी शहाणा बेरजेच्या आत डिस्टिंक्ट घालतो. आता काय येतं? सगळे हप्ते सारखेच, त्यामुळे वेगळी रक्कम एकच. बेरीज २,०००! चोवीस हजाराचे आधी बहात्तर केले, मग दोन. आणि गंमत म्हणजे ज्या खात्यांचे हप्ते योगायोगाने वेगवेगळ्या रकमांचे आहेत, तिथे उत्तर बरोबर येतं. म्हणजे टेस्टरने नेमकं तसलं खातं उघडलं की पास. डिस्टिंक्टने दुखणं बरं होत नाही, ते दिसायचं बंद होतं. आधी प्रत्येक बाजूची एक ओळ करा, मग जोडा. क्रम हाच.

उत्तर तिसरं: "सोपं आहे, सगळ्यात मोठा आयडी घ्यायचा."

आयडी सांगतो की ओळ टेबलात कधी शिरली. घटना कधी घडली हे तो सांगत नाही. शनिवारी शाखेत रेंज नव्हती, म्हणून शनिवारच्या नोंदी मंगळवारी चढवल्या. दरम्यान सोमवारच्या चढून गेल्या होत्या. आता सर्वात मोठा आयडी शनिवारचा. ज्याने कधी शाखा पाहिलेली नाही त्यालाच वाटतं की आयडी म्हणजे काळ.

उत्तर चौथं: "कमाल तारीख काढून परत जोडतो की मी. ते तर बरोबर आहे ना?"

बरंच बरोबर आहे. प्रत्येक खात्याची कमाल तारीख वेगळी काढायची आणि खाते व तारीख दोन्हींवर मूळ टेबलाला परत जोडायचं. यात निदान खोटी ओळ तयार होत नाही. पण एकाच दिवशी दोन भेटी झाल्या तर? सकाळी गेला, घर बंद. संध्याकाळी गेला, पैसे मिळाले. दोन्हींची तारीख एकच, दोन्ही ओळी येणार, आणि "प्रत्येकाची एक" हे वचन मोडणार. मग याच्यावर कुणीतरी डिस्टिंक्ट मारतो, की आपण पुन्हा उत्तर क्रमांक दोनवर. सापशिडी नुसती.

उत्तर पाचवं, आणि हे सध्याचं लाडकं: "एवढं कोण डोकं लावतं? एआयला सांग, लिहून देतं."

देतं की. छान देतं. रो नंबर, पार्टिशन बाय, सगळं सुबक. माझी तक्रार क्वेरीच्या व्याकरणाबद्दल नाहीच आहे. तुमच्या शाखेत एका दिवसात दोन भेटी होतात का, आणि झाल्या तर कुठली खरी मानायची, हे त्याला कुठून कळणार? तुम्ही सांगितलं नाहीत तर ते काहीतरी गृहीत धरतं. आपट्याला हार घालायचं काम आता फक्त जास्त वेगात आणि जास्त आत्मविश्वासाने होतं, एवढंच.

आता थोडं न्यायाने बोलायला हवं. २०१३ साली ती युक्ती लिहिणाऱ्याला मी शिव्या देत नाही. त्याच्या हातात काय होतं? विंडो फंक्शन्स एसक्यूएलच्या २००३ च्या प्रमाणात आली. ओरॅकलकडे ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी, ८आय पासूनच होती. एसक्यूएल सर्व्हरने रो नंबर २००५ च्या आवृत्तीत दिलं, पोस्टग्रेसने २००९ मध्ये ८.४ ला. मायएसक्यूएलवाले मात्र एप्रिल २०१८ मध्ये ८.० येईपर्यंत वाट बघत बसले. तोपर्यंत लोकांनी जुगाड केले. जुगाडाबद्दल माझी तक्रार नाही. पण २०१८ नंतर जो माणूस जुगाडच शोधतो, त्याच्याबद्दल आहे.

आणि दुसरं. ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम मागणं दर वेळी चूकच असतं असंही नाही. खात्याच्या प्रायमरी कीवर गट केला आणि खातेदाराचं नाव मागितलं, तर गोंधळ कसला? एका खात्याला नाव एकच. एसक्यूएलच्या १९९९ च्या प्रमाणापासून याला परवानगी आहे, आणि मायएसक्यूएलचा कडक मोडही हे ओळखून एरर देत नाही. एसक्यूलाइट तर एकच मॅक्स किंवा मिन असेल तर बाकीचे कॉलम त्याच ओळीतून देतं, आणि हे त्यांनी लिहून ठेवलेलं आहे. पण म्हणूनच जास्त सांभाळायला हवं. फोनवरच्या एसक्यूलाइटमध्ये बरोबर उत्तर देणारी क्वेरी तशीच उचलून मोकळ्या सोडलेल्या मायएसक्यूएलमध्ये टाकलीत, तर अक्षरही न बदलता ती खोटं बोलायला लागेल.

मग करायचं काय? हे:

विथ क्रमवार ॲज (
सिलेक्ट खाते_क्र, भेट_तारीख, स्थिती,
रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय खाते_क्र
ऑर्डर बाय भेट_तारीख डिसेंडिंग, भेट_क्र डिसेंडिंग) ॲज क्रम
फ्रॉम भेटी)
सिलेक्ट ख.खाते_क्र, ख.नाव, क.भेट_तारीख, क.स्थिती
फ्रॉम खाती ख
लेफ्ट जॉइन क्रमवार क
ऑन क.खाते_क्र = ख.खाते_क्र ॲन्ड क.क्रम = १

प्रत्येक खात्याच्या भेटींना नंबर द्यायचे, नवीन ती पहिली, आणि पहिली तेवढी घ्यायची. तारीखही त्याच ओळीची, स्थितीही त्याच ओळीची. अख्खी ओळ उचलली जाते, तिचे तुकडे होत नाहीत. पोस्टग्रेसवाल्यांना डिस्टिंक्ट ऑन आहे, स्नोफ्लेक आणि बिगक्वेरीवाल्यांना क्वालिफाय आहे. आणि तुम्ही अजून एखाद्या म्हाताऱ्या सर्व्हरवर असाल तर "याच खात्याची माझ्याहून नवी भेट अस्तित्वात नाही" असा नॉट एक्झिस्ट्स लिहा, तो सगळीकडे चालतो.

"पण ते स्लो आहे!" आलंच का उत्तर सहावं? खाते, तारीख आणि भेट क्रमांक यांवर मिळून इंडेक्स आहे का, आधी ते बघा. बहुतेक वेळा नसतो. खाती थोडी आणि प्रत्येकाच्या भेटी हजारोंनी असतील तर लॅटरल जॉइन आणि लिमिट १ जास्त बरं पडतं, मायएसक्यूएलमध्ये ते ८.०.१४ पासून आहे. मोजा आणि ठरवा. पण चुकीचं उत्तर लवकर मिळतं म्हणून कुणी बरोबर उत्तराला स्लो म्हणू नका.

खरं तर क्वेरी हा शेवटचा भाग. त्याआधी चार प्रश्न विचारायचे असतात, आणि ते स्वतःला नाही, क्लायंटला.

एक, "शेवटची" म्हणजे कशाने शेवटची? घटनेची तारीख की नोंदीची?

दोन, बरोबरी झाली तर कोण जिंकणार? वरच्या क्वेरीत मी भेट क्रमांकावर सोडवलंय. शनिवार-मंगळवारचा घोळ इथे होत नाही, कारण तारीख आधी बघितली जाते आणि नंबर फक्त एकाच दिवसाच्या भेटींत बघितला जातो. भेटीची वेळ नोंदवलेली असती तर ती घेतली असती. तोही एक निर्णयच आहे, आणि तो क्लायंटकडून मेलवर लिहून घेतला आहे. रो नंबरला बरोबरी सोडवायला काही दिलं नाही तर तो मनाने एक निवडतो, आज एक, उद्या दुसरी. रँक वापरलात तर दोघांनाही पहिला नंबर देतो.

तीन, ज्याची एकही ओळ नाही त्याचं काय? कालच कर्ज घेतलेल्याकडे अजून भेटच झालेली नाही. साधा जॉइन त्याला यादीतून गायब करतो. लेफ्ट जॉइन लावून वर स्थितीची अट व्हेअरमध्ये टाकलीत तरी तो गायबच.

चार, आणि हा सगळ्यात जास्त चुकतो: गाळणी आधी की निवड आधी? "थकीत भेटींमधली शेवटची" आणि "शेवटची भेट थकीत असलेले" ही दोन वाक्यं सारखी वाटतात. आतल्या क्वेरीत "स्थिती थकीत" अशी अट टाकलीत, तर ४१७ ची ५ जानेवारीची ओळ नंबर एकवर येते आणि मावशींना पुन्हा नोटीस जाते. रो नंबर लावूनसुद्धा! एरर नाही, वॉर्निंग नाही, व्याकरण शुद्ध.

या चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर टेबलात नसतं. ते शाखेत असतं, दुकानात असतं, दवाखान्यात असतं. आणि आपल्याकडे रिपोर्ट लिहायचं काम कुणाला देतात? सगळ्यात नव्या पोराला. कारण ते "नुसतं सिलेक्ट" आहे, डेटा बदलत नाही, मग काय बिघडणार? सगळे सीनियर आर्किटेक्चरच्या गप्पा मारतात आणि कुणाला नोटीस जाणार हे दीड वर्ष अनुभवाचं पोर एकटं ठरवतं, त्याला आपण काही ठरवतोय हे माहीतही नसतं. माझं खरं भांडण या पद्धतीशी आहे.

कितीतरी ओळींमधून एक ओळ निवडणं म्हणजे त्या माणसाबद्दल एक विधान करणं. या बाई थकीत आहेत. या रुग्णाची शेवटची साखर इतकी आहे. या पोराची फी भरलेली नाही. बोलताना आपण असं विधान खात्री केल्याशिवाय करत नाही. क्वेरीत मात्र "कुठलीही चालेल" म्हणून मोकळे होतो.

त्या पोराची शुक्रवारी माफी मागितली आणि कॅन्टीनमध्ये कटिंग पाजून ही सगळी गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "सर, म्हणजे ते सेटिंग परत चालू करू?"

"कर. आणि मग किती क्वेऱ्या फुटतात त्याची यादी आण."

संध्याकाळी यादी आली. एकोणीस. सोमवारपासून दोघं मिळून बसणार आहोत, मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही :)

असो. तुमच्याकडे मायएसक्यूएल असेल तर सोमवारी चहाच्या आधी एवढंच करा: एसक्यूएल मोड बघा आणि ओन्ली फुल ग्रुप बाय त्यात आहे का ते तपासा. नसेल, तर तुमच्या आधी कुणीतरी बॅटरी काढून ठेवलेली आहे.